‘माझी आई’ला दहापैकी तीन

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी एसटीत कंडक्टर आहे, धुळे विभागात. पेपर रोज वाचते, बऱ्याचदा कोणीतरी सीटवर सोडून गेलेला असतो तोच, पण वाचते पूर्ण, अग्रलेख सोडून. आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या पोराचा निबंध. विषय तोच, आपण सगळ्यांनी लिहिलेला, "माझी आई". पोरगा पाचवीत आहे. शाळेचं नाव सांगत नाही कारण शाळा वाईट नाही, मॅडमही वाईट नाहीत, आणि तसंही हे एका शाळेचं नाहीच, खान्देशात काय अख्ख्या महाराष्ट्रात कुठंही जा हेच आहे, म्हणून तर पेपरला लिहितेय नाहीतर शाळेतच जाऊन बोलले असते.

त्याने काय लिहिलं ते आधी देते. शुद्धलेखन मी सुधारलंय, बाकी सगळं त्याचं.

"माझी आई कंडक्टर आहे. ती सकाळची ड्युटी असली की मला दिसत नाही. ती घरी आली की आधी बूट काढते आणि टाचा दाबते. तिच्या हाताला सुट्ट्या पैशांचा वास येतो. ती उशिरा आली तर मी झोपलेला असतो पण सकाळी माझ्या वहीत शेवटच्या पानावर पेनाची टिक असते म्हणजे तिने वही बघितली. ती बेरीज फार फास्ट करते. तिला रविवारी सुट्टी नसते, तिची सुट्टी कधी पण असते. सुट्टीच्या दिवशी आम्ही वरणबट्टी करतो आणि ती दुपारी झोपते तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करतो."

एवढंच. अर्धं पान. मला विचाराल तर त्या टीव्हीच्या वाक्यावर मी दोन मिनिटं थांबले होते, कारण तो आवाज बारीक करतो हे मला माहितीच नव्हतं, मी झोपलेली असते ना.

मार्क दहापैकी तीन. "सुट्ट्या पैशांचा वास" याच्या खाली लाल रेघ आणि बाजूला "अयोग्य". टीव्हीच्या वाक्याला पण रेघ. खाली शेरा, "आईची महती लिहा. सुविचार नाही. शेवट नाही." पोरगं काही रडलं बिडलं नाही, त्याला क्रिकेटला जायचं होतं, जाता जाता एवढंच म्हणाला की मम्मी, वास नाही लिहायचा असतो का. (घरी मम्मीच म्हणतो, निबंधात आई होते, ते जाऊ द्या.)

आमच्या शेजारचा मुलगा त्याच वर्गात आहे, त्याला नऊ मिळाले. त्याचा निबंध मी मागून वाचला. आई पहाटे उठते, सडा-रांगोळी करते, तुळशीला पाणी घालते, गरम गरम नाश्ता देते, मला शाळेत सोडायला येते, रात्री गोष्ट सांगते, आणि शेवटी कवितेची ती ओळ जी सगळ्यांना पाठ आहे. आता याची आई दवाखान्यात नर्स आहे आणि महिन्यातले कितीतरी दिवस नाईट करते. मी तिला म्हटलं बाई तू पहाटे उठून सडा टाकते म्हणे, तर ती इतकी हसली, म्हणे मी पहाटे उठत नाही गं मी पहाटे झोपते, आणि सडा कुठं टाकू, तिसऱ्या मजल्यावर. पोराला नऊ मिळाले म्हणून ती खूशच होती आणि मीही असते तिच्या जागी. पण मग तिच्या नाईट ड्युटीचं काय झालं? रात्रभर लोकांच्या सलाइनच्या बाटल्या बदलून ती सकाळी येते आणि चपला काढायच्या आत याचा डबा भरते, ते त्या वहीत कुठंच नाही. त्या निबंधातली बाई दुसरीच कोणीतरी आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये तर राहत नाही.

ती बाई गाईडमध्ये राहते. जूनमध्ये पुस्तकांच्या दुकानात गेलं की वह्या, कव्हरं, स्टिकर आणि सोबत निबंधाचं पुस्तक असतंच. त्यातली आई मी चांगली ओळखते कारण माझ्या शाळेच्या वेळीही हीच होती, तेव्हापासून आत्तापर्यंत तिच्या पदराची घडी पण मोडली नाही. ती कधी कामाला जात नाही, दमत नाही, चिडत नाही, पोराला धपाटा घालत नाही, तिला ताप येत नाही, ताप फक्त मुलाला येतो आणि ती उशाशी बसते. आपल्याकडे दिवाळीच्या पुढं-मागं कपाशी कोण वेचतं ते बघा, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत निंदायला कोण वाकलेलं असतं ते बघा, मिरचीच्या सीझनला नंदुरबारला पथारीवर कोण बसलेलं असतं ते बघा. हीच पोरांची आई आहे ना? मग ही पुस्तकात का नाही, आणि पोराने स्वतःहून लिहिली तर लाल रेघ का?

आता कोणी म्हणेल बोर्डालाच असं लागतं. लागत नाही हो! 2018-19 ला दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि मराठीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, त्यात 'स्वमत' म्हणून प्रश्न असतो, म्हणजे तुला काय वाटतं ते तुझ्या शब्दात लिही. चांगलंच केलं ते. पण माझी भाची दहावीला आहे, तिच्याकडे जे गाईड आहे त्यात स्वमताची पण तयार उत्तरं आहेत. स्वतःचं मत, छापील, पाठ करून. ती बिचारी रात्री घोकत होती, मी म्हटलं काय पाठ करते, म्हणे माझं मत. 😄

तसंच त्या कोऱ्या पानांचं झालं. 2023-24 ला पाठ्यपुस्तकात धड्यांच्या मागे कोरी पानं घातली होती, वर 'माझी नोंद' लिहिलेलं, पोरांनी वर्गात जे सुचेल ते तिथं लिहायचं असा हेतू असणार. माझा तेव्हा तिसरीत होता, त्याने त्या पानांवर लालपरी आणि शिवशाही काढल्या, आरशापासून जॅकपर्यंत बारीक सारीक, खिडकीत मी. पुढे सरकारने निर्णय फिरवला, वह्या वेगळ्या आणि पुस्तकं वेगळी, पहिल्यासारखं. दप्तराचं वजन वगैरे कारणं असतील, मला त्यातलं फार कळत नाही. एवढं कळतं की कोरं पान समोर आलं की आपल्याकडे मास्तर, पालक, पोरं सगळ्यांना घाम फुटतो, लगेच कुठून तरी उतरवून भरून टाकायचं असतं.

मास्तर लोकांना मी दोष देत नाही, मी त्यांना रोज बघते. माझ्या गाडीला अपडाऊनवाले गुरुजी-मॅडम भरपूर असतात. अर्धे मोबाईलवर कसली तरी ऑनलाइन माहिती भरत असतात, पोषण आहाराचे आकडे, कुठला फॉर्म, इलेक्शनचं काम, आणि काही जण चक्क गाडीत वह्या तपासतात. खड्डा आला की टिक एवढी लांब जाते की खालच्या उत्तराला पण बरोबर मिळतं, पोराचं नशीब. अशा चाळीस-पन्नास वह्यांत कोणी "सुट्ट्या पैशांचा वास" लिहिलं तर थांबून विचार करायला वेळ कुठंय. गाईडमधलं असलं की डोळा सरळ खाली जातो आणि मार्क देता येतात. मला ते कळतं. तरी सांगते, मला एक गुरुजी असे भेटले होते की ज्यांनी थांबून विचारलं होतं, आणि हे पत्र खरं त्यांच्यामुळेच आहे.

माझं माहेर नंदुरबार तालुक्यातलं. आई मिरचीवर जायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ओल्या लाल मिरचीचे ढीग व्यापारी लोक मोकळ्या जागेत उन्हात पसरतात त्याला पथारी म्हणतात, लांबून बघितलं तर अख्खी जमीन लाल दिसते, फोटो काढायला लोक येतात हल्ली. तिथं बायका ओळीनं बसून मिरचीची देठं खुडतात आणि मजुरी वजनावर. अवकाळी पाऊस आला की पथारी भिजते, व्यापाऱ्याचा माल जातो आणि बायकांची रोजी जाते, त्याची बातमी मात्र फक्त मालाची येते (हे तुम्हाला उद्देशून आहे संपादक साहेब, राग मानू नका).

दिवसभर देठं खुडली की बोटं पेटतात. ती आग पाण्याने जात नाही, उलट पाणी लावलं की पसरते, तेल नाहीतर ताक चोळावं लागतं आणि तरी रात्री बोटं गरमच. त्यामुळे मिरचीच्या दिवसांत आई आम्हाला हाताने शिवायची नाही. सकाळी उठवायची ती मनगटाने नाहीतर कोपराने, "ऊठ वं माय, येळ व्हयनी" म्हणून गालाला मनगट लावायचं आणि बोटं वर आकाशाकडे. जेवायला वाढताना चमचा, भाकरी भाजायचं काम मोठ्या काकूकडे. धाकट्या भावाला काजळ घालायचं म्हणजे शेजारची बोलवायची. आणि माझ्या वेण्या! दोन वेण्या, लाल रिबीन, शाळेचा नियम. तर ती दोन्ही हातांत किराणाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायची, मनगटाला गाठ मारायची दाताने, आणि त्या हातांनी केस विंचरून वेण्या घालायची. पिशवीचा आवाज कानाशी चर्र चर्र, केस निसटायचे, ती पुन्हा धरायची, मी कुरकुर करायची की शाळेची बेल झाली. वेण्या इतक्या ढिल्या पडायच्या की प्रार्थनेपर्यंत एक सुटलेलीच असायची.

जिल्हा परिषदेची शाळा, चौथी. गुरुजींनी एकेकाला उभं करून आईबद्दल बोलायला लावलं. पोरं उठली, माझी आई प्रेमळ आहे, माझी आई प्रेमळ आहे, माझी आई फार प्रेमळ आहे. माझा नंबर आला तर मी म्हटलं माझी आई मला हात लावत नाही. सगळा वर्ग हसला. गुरुजी पण दुसऱ्या पोराला उठवू शकले असते, सोपं होतं ते. त्यांनी विचारलं, मग उठवते कशी? मी दाखवलं, असं मनगटाने. वेण्या कोण घालतं? म्हटलं आईच. हात न लावता? मग मी पिशव्यांचं सांगितलं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया मिरचीवरच जायच्या, त्यांना बरोबर कळलं, एक पोरगी म्हणाली माझी आई हाताला फडकं गुंडाळते, दुसरा म्हणाला माझी आई आंघोळ घालतच नाही मिरचीच्या दिवसात, बापच घालतो आणि साबण डोळ्यात घालतो. मग काय, तास संपेपर्यंत तेच चाललं होतं. गुरुजी म्हणाले आता जे बोललात ते वहीत लिहा, जसं बोललात तसं. लिहिलं आम्ही, अहिराणी मराठी सगळी खिचडी, त्यांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि सगळ्यांना पुरे मार्क.

शाळेत त्या दिवशी गुरुजींनी एक पुढचा प्रश्न विचारला, बाकी काही केलं नाही. नवीन धोरण, ट्रेनिंग, प्रोजेक्टर यातलं काही लागलं नव्हतं त्याला.

आईला वाचता येत नाही, आजही. पण वही ती रोज बघायची. तिचा हिशोब होता, निळं म्हणजे पोरीचं आणि लाल म्हणजे मास्तरचं. लाल जास्त दिसलं की विचारायची आज काय झालं. तेल लावलेल्या बोटांनी पानं उलटायची म्हणून कोपऱ्यावर तिच्या बोटाचा तांबूस डाग पडायचा, मिरची आणि तेलाचा, आणि मला सकाळी वही उघडली की कळायचं की कुठल्या पानापर्यंत बघून झालंय. एकदा तो डाग डोळ्याला लागून मी गणिताच्या तासाला बोंबलत बसले होते ती गोष्ट वेगळी. माझ्या पोराच्या वहीत मी जी टिक करते ती सवय कुठून आली हे सांगायची गरज नाही.

पाचवीपासून नंदुरबारला हायस्कूल. तेव्हा मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा फुकट पास मिळायचा, पाचवी ते दहावी, आता तर बारावीपर्यंत आहे. तो पास नसता तर मी शिकले नसते, ही सरळ गोष्ट आहे, आणि कदाचित कंडक्टरही झाले नसते, कारण रोज त्या कंडक्टरच्या हातातली तिकिटाची पेटी बघून बघूनच डोक्यात बसलं. सहावीत असताना 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी पासच्या फॉर्मवर जि. धुळे खोडून जि. नंदुरबार लिहिल्याचं आठवतं.

नंदुरबारच्या शाळांमध्ये 9 सप्टेंबर म्हणजे मोठा दिवस. 1942 ला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याच्या सोबतचे चार जण तिरंगा घेऊन मोर्चात होते आणि पोलिसांच्या गोळीबारात गेले, माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे. आम्ही दरवर्षी प्रभातफेरी काढायचो आणि भाषणं. मला सातवीत भाषणाला घेतलं होतं, सरांनी लिहून दिलेलं मी घरी मोठमोठ्याने पाठ करत होते, वीर बालक, बलिदान, अमर रहे. आई लसूण सोलत होती. मधेच म्हणाली, "तेनी मायले कोनी सांगं व्हई वं?" म्हणजे त्याच्या आईला कोणी जाऊन सांगितलं असेल. माझ्याकडे उत्तर नव्हतं, भाषणात तर नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर सरांनी दिलेलं भाषण म्हटलं, टाळ्या पडल्या, दुसरा नंबर आला. पण आज त्या भाषणातलं एक वाक्य आठवत नाही आणि आईचा प्रश्न मात्र दर 9 सप्टेंबरला आठवतो. न शिकलेली बाई लसूण सोलता सोलता असं विचारते आणि आम्ही शिकलेले लोक पोरांना म्हणतो महती लिहा.

पोराच्या वर्गातलीच अजून एक गोष्ट सांगते म्हणजे मॅडमवर अन्याय नको. एक मुलगी आहे, तिची आई कोरोनात गेली. "माझी आई" विषय दिला तेव्हा मॅडमनी तिला आधीच जवळ बोलवून सांगितलं की तू आजीवर लिही नाहीतर तुला ज्याच्यावर वाटेल त्याच्यावर लिही. तिने आजीवर लिहिलं. आजी बाजारात भाजी विकते, उरलेली भाजीच रोज घरी होते आणि आठवडाभर मेथी उरली तर आठवडाभर मेथी, आजीला काटा कळतो पण घड्याळ कळत नाही, असं काय काय. तिला मॅडमनी नऊ दिले आणि वर्गात वाचून दाखवला, पोरगा घरी येऊन सांगत होता की सगळे मेथीला हसले आणि ती पण हसली. म्हणजे मॅडमला येतं की! भाजीचा वास त्यांना अयोग्य वाटला नाही कारण त्यांना ते घर माहीत होतं. माझं घर माहीत नाही, एवढाच फरक आहे. एकदा विचारलं असतं, सुट्ट्या पैशांचा वास का रे, तर तो पटकन म्हणाला असता की आता क्यूआर कोड आला तरी निम्मे लोक रोखच देतात आणि अर्धं तिकीट झाल्यापासून तर सुट्ट्यांची मारामारी, हे त्याला सगळं पाठ आहे.

त्या अर्ध्या तिकिटाचं पण सांगते. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. आई माझ्याकडे धुळ्याला येते तेव्हा कधी कधी माझ्याच गाडीला असते, तरी ती माझ्याकडून तिकीट घेते, पदराच्या गाठीतून पैसे काढते, मोजते, माझ्या हातावर ठेवते आणि शेजारच्या बाईला सांगते ही माझी पोर आहे. मी ड्युटीवर असते म्हणून हसत नाही.

आणि 2021 चा संप. ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत चालला, पगार बंद. मला विचाराल तर आयुष्यातले सगळ्यात वाईट महिने, दागिना गहाण, किराणावाल्याची उधारी, आईने माहेरून ज्वारी आणि तिखट पाठवलं म्हणून चूल पेटली. पोरगं तेव्हा लहान होतं. मागच्या महिन्यात त्याला सहज विचारलं तुला लहानपणीचं काय आठवतं, तर म्हणे तू खूप दिवस घरी होती ते. रोज दुपारी आम्ही झोपायचो म्हणे. आता याला काय म्हणणार. त्याने हे निबंधात लिहिलं तर मला वाटतं दोन मार्क पण नाही मिळणार, कारण आई संपावर होती हे कुठल्या सुविचारात बसतं?

सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव घालायचं केलं, आधी बाळाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. छान झालं. म्हणजे पाच-सहा वर्षांनी ही बाळं शाळेत जातील तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर आईचं नाव असेल. आतल्या पानांवर तरी गाईडवाली नको राहायला.

आईला फोनवर मी हे तीन मार्कांचं सांगितलं. तिला वाटलं नापास झाला, आधी घाबरली, मग मी त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवलं तर म्हणे, "मंग तेनी खोटं काय लिखं?" त्यावर मी काय बोलणार.

आता मागणं. शिक्षकांना एकच, लाल रेघ ओढायच्या आधी पोराला एक प्रश्न विचारा, सगळ्यांना नाही जमणार, ज्याचं वेगळं वाटेल त्याला तरी. आणि दुसरं मागणं तुमच्याकडे आहे संपादक साहेब. परीक्षा जवळ आल्या की तुमच्या आणि सगळ्याच पेपरांच्या पुरवणीत नमुना निबंध छापून येतात, कोणत्या तरी क्लासच्या सरांनी लिहिलेले. ते बंद करा असं म्हणत नाही, जाहिराती असतील तुमच्या. पण आठवड्यातून एक चौकोन पोरांच्या लिहिण्याला द्या. आई, बाप, आजी, शेत, दुकान, काहीही, जसं पोरांनी लिहिलं तसंच, तुमच्या लोकांनी हात न लावता. चुका राहू द्या. अहिराणी आली, भिली आली, पावरी आली तरी राहू द्या, वाचणाऱ्याला कळतं.

फक्त मागवताना मेल आणि व्हॉट्सअॅपवर मागवू नका, म्हणजे फक्त त्याच्यावरच नको, कारण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर रेंजचा पत्ता नसतो आणि मग शहरातल्या पोरांचंच येईल, ते पण पप्पांनी टाइप केलेलं. पोस्टाचा पत्ता द्या. किंवा डेपो मॅनेजरशी बोलून स्टँडवर चौकशी खिडकीजवळ एक पेटी ठेवता आली तर बघा, गाड्या रोज तिकडं जातातच, कंडक्टर लोक पाकिटं आणून टाकतील, मी माझ्या रूटची आणेन. माझ्या पोराचा निबंध पण पाठवते पण त्याला विचारून, तो सध्या नाही म्हणतोय.

माझं नाव छापू नका, डेपोत उगाच चर्चा होते.

आपली,
एक वाचक, एसटी वाहक, धुळे